दहा बाय आठचा रामदास

(भोईवाडा, संध्याकाळचे सहा. शाळेच्या जिन्यात दोघं उभे. वरच्या वर्गात थोड्या वेळाने दारू सोडलेल्यांची मिटिंग. आज रामदासने सोडली त्याचा पहिला वाढदिवस.)

धम्मपाल : आणि फ्लेक्सवर गॉगल? गॉगल कोणाच्या डोक्यातून आला?

रामदास : विनीतच्या. पुतण्या मंडळाचा सेक्रेटरी झाला ना, त्याला फ्लेक्स लावायला काका मिळाला.

धम्मपाल : ‘व्यसनमुक्तीचे यशस्वी एक वर्ष! आमचे प्रेरणास्थान, रामदास तावडे!’ दहा बाय आठ! अरे, आपल्या मिटिंगमध्ये आडनाव सांगत नाहीत. अकरा वर्षं मी गौतमच्या बाजूला बसतोय, त्याचं आडनाव मला अजून माहीत नाही. आणि तू नाक्यावर लटकतोयस. बसमधला माणूस पण वाचतोय, हा बेवडा होता म्हणून.

रामदास : नाक्याला ते आधीच माहीत होतं.

धम्मपाल : तेही खरं. खाली शुभेच्छुक बघितलेस? मनू आणि अप्पा! तुझ्याबरोबर गुत्त्यावर बसणारे दोघं. बोकडाला खाटकाच्या हार्दिक शुभेच्छा!

रामदास : हसू नको रे. मला एक सांगायचंय.

धम्मपाल : भाषण असेल तर वर कर. राधावहिनी केक घेऊन निघाल्यात. मी मेडल देणार, तू रडणार. सगळे रडतात, लाजू नकोस.

रामदास : मागच्या आठवड्यात गावी गेलो होतो ना. राखण होती.

धम्मपाल : नीट सांग, आमच्यात नसते ती.

रामदास : वाडीच्या राखणदाराला वर्षातून एकदा कोंबडा आणि दारू दाखवतात. मग प्रसाद वाटतात. भावंडांत थोरला मी. काकाने पेला हातात दिला. देवाला नाही कसं म्हणायचं?

धम्मपाल : किती?

रामदास : तीर्थाएवढी.

धम्मपाल : रामदास, मी कोर्टाबाहेर टायपिंग करतो. दिवसभर लोक माझ्यासमोर बसून खोटं सांगतात. किती?

रामदास : तीन पेले. मग मागीलदारी... बाटली संपेपर्यंत.

धम्मपाल : राखणदाराला काही उरली का?

रामदास : शिव्या घाल. पण आजचा दिवस सांभाळून घे. मेडल देऊन टाक. चाळीतले वीस जण येतायत, राधा नवी साडी नेसलीय. उद्यापासून मी गुपचूप परत एकपासून दिवस मोजतो. तुझ्यामाझ्यात.

धम्मपाल : वा! म्हणजे मी खोटा साक्षीदार. पहिल्या दिवशी तू माझ्या चपलेवर ओकलास, मी काही बोललो? धुतली, घातली. पण खोटं मेडल देणार नाही. हे लपवलंस की आठ दिवसांत परत बसशील. मी बसलोय, म्हणून सांगतो. फोन का नाही केलास?

रामदास : रेंज नव्हती.

धम्मपाल : कोंबड्याचं स्टेटस टाकायला होती! मी लाइक केलं, मेल्या!

रामदास : लाज वाटली रे. सगळ्यांना माझं उदाहरण देत फिरतोस तू. म्हटलं, याला कुठल्या तोंडाने सांगू?

धम्मपाल : गाढवा, दर बुधवारी तू येतोस म्हणून मी येतो. तू नसलास तर माझे पाय कुठे वळतील, ते मला पक्कं ठाऊक आहे. मला तू हवायस. उदाहरण गेलं खड्ड्यात.

रामदास : मग राधाला तू सांग.

धम्मपाल : अजिबात नाही. त्या बघ, आल्याच.

राधा : काय ओ, जिन्यात काय खलबतं चाललीत? केकचं क्रीम खाली यायला लागलं. धम्मपालभाऊ, वर चला ना.

रामदास : राधा, मी प्यालो. गावी, राखणीला.

राधा : किती दिवस झाले?

रामदास : नऊ.

राधा : नऊच. मी पण तेवढेच मोजले.

रामदास : तुला कोणी सांगितलं?

राधा : माका काय डोळे नाय हत? गावाहून आलात आणि पंखा पुसलात. न सांगता! प्यालात की दुसऱ्या दिवशी तुमच्या अंगात काम संचारतं. लग्नापासून बघतेय.

धम्मपाल : मग वहिनी, केक कशाला आणलात?

राधा : विनीतने आणायला लावला. मी म्हटलं आणूया, मेडल घेतायत का बघूया. घेतलं असतं ना, तर हाच केक तोंडावर मारून मी घोडपदेवला भावाकडे गेले असते. बॅग भरलेली आहे घरी.

रामदास : आणि आता?

राधा : आता काय. अठरा वर्षांत मी पकडायच्या आधी पहिल्यांदा बोललात. राग गेलाय असं समजू नका. विनीतला फोन करते, कोणाला आणू नको म्हणून.

धम्मपाल : वाढदिवस नाही म्हटल्यावर आज घरच्यांना आत घेत नाहीत हां, वहिनी. फक्त आम्हीच. दीड तास लागेल.

राधा : लागू दे. मी इथेच पायरीवर बसते.

रामदास : घरी जा गो. डास आहेत इथे.

राधा : बसते म्हटलं ना. जावा वर.