एकदम चालू

एकनाथराव : डायोडच नकली, रेणू. भर कोठीच्या बाजारात, त्याच्याच दुकानात, गिऱ्हाइकांदेखत दत्तोबाला चोर म्हणून आलोय.

रेणू : बाबा! इतकी जुनी दोस्ती तुमची!

एकनाथराव : म्हणून तर जास्त लागलं. फॅक्टरीतून व्हीआरएस घेऊन हा कारखाना टाकला तो त्याच्या मालाच्या भरवशावर. आणि एसटीडी बूथवाले रोज आपलाच एक जळका पॉवर सप्लाय आणून आपटतायत. परेशान करून सोडलंय.

रेणू : मी आज अफझलगंजच्या बूथवर बसून आले. सप्लाय मस्त चालला होता. लाइट गेली, काही नाही. लाइट आली आणि टक्! डायोड खलास.

एकनाथराव : मग? नकलीच ना!

रेणू : इथे कसा टिकतो मग? तुम्ही दिवसभर चालवून बघता.

एकनाथराव : हौ, बघतो की.

रेणू : चालू कसा करता?

एकनाथराव : डिमरस्टॅटची चकती फिरवत. शून्यापासून हळूहळू दोनशेतीसपर्यंत. फॅक्टरीपासून हात बसलाय. मालाला एकदम व्होल्टेज देऊ नये.

रेणू : बूथवर एकदमच येतं ना. तेव्हा कपॅसिटर रिकामा असतो, अधाशासारखा करंट ओढतो. तो सगळा डायोडमधून जातो. कपॅसिटर भरला की मग डायोडला आराम. तो पहिला दणका तुम्ही इथे कधी बसूच दिला नाही.

एकनाथराव : खालीपिली काहीतरी! आण तो सप्लाय. लाव थेट भिंतीच्या प्लगला.

(खटक्याचा आवाज. थोडं थांबून पुन्हा, पुन्हा. मग ‘टक्’ आणि जळका वास.)

एकनाथराव : बघ. गेला दत्तोबाचा डायोड.

रेणू : हा दत्तोबाकाकांचा नव्हता. तुम्ही डबीत जपून ठेवलेला जपानी. तेवढ्याच ताकदीचा. बूथवरून आल्यावर मीच बसवला.

एकनाथराव : ...अरे देवा.

रेणू : उपाय आहे, बाबा. डायोड जरा दणकट घेऊ आणि आधी थर्मिस्टर टाकू. थंड असताना तो करंट अडवतो, तापला की सोडतो.

एकनाथराव : ते होईल गं. पण चोर म्हणालो मी त्याला. फार लाज वाटतेय.

रेणू : उद्या सकाळी जाऊन या. दुकानात गर्दी नसते तेव्हा.

एकनाथराव : नक्को. आत्ताच जातो. गर्दी आहे तोवर.

रेणू : आणि त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही तर?

एकनाथराव : उभ्यानं बोलेन.