खांद्यावरची बोटं

फोटो स्टुडिओच्या बाकावर पासपोर्टच्या फोटोसाठी ताटकळत बसलेल्या नर्सबाईंच्या शेजारी दोघी बहिणी येऊन टेकल्या. धाकटीचा साखरपुडा ठरला होता आणि होणाऱ्या नवऱ्यासोबत फोटो काढायचा होता. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती. नर्सबाईंनी मोबाईलमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडेच.

"ताई, हा साधा गुलाबीच घालते. त्यांना आवडतो."

"साधा नको. तो मोठ्या फुलांचा घाल."

"त्यात मी पडद्यासारखी दिसते गं!"

"दिस. खांद्यावर हात ठेवायला लावतातच हे फोटोवाले."

"मग ठेवू देत की."

"माझ्या साखरपुड्याला मीही पांढराशुभ्र घालून ठेवू दिला होता. पुढे फोटोतून त्याला कापलं. तो अख्खा गेला, चार बोटं मात्र राहिली माझ्या खांद्यावर."

"ताई, आज तरी नको ना."

"तो फोटो इथल्याच माणसाला दाखवला. म्हणाला, साध्या कापडावर पुसलेलं कळतं. फुलांचं असतं, तर बोटांवर अजून एक फूल काढून दिलं असतं."

"पण ठेवलासच कशाला असला फोटो? फाडून टाकायचा."

"त्यात मी हसतेय गं."

"म्हणून काय झालं?"

"त्यानंतरचा माझा हसतानाचा एक तरी फोटो दाखव घरात."

पिशवी बराच वेळ खसखसत राहिली. गुलाबी ड्रेस आत गेला.

"फुलांच्याला इस्त्री नाहीये, ताई."

"आण इकडे. हाताने सरळ करते."