रिलीव्हर आलेला नाही

रुचिता : पप्पा, पेपर ठेवा आता. ते गाव कालच घेतलं होतं ना रशियाने?

सूर्यकांत : कालचं वेगळं. हे नदीच्या अलीकडचं. चार वर्षं होत आली, एक गाव पुढे, अर्धं गाव मागे. या चालीने डहाणूहून शेजारच्या वाणगावला पोचायला यांना वर्ष लागलं असतं.

रुचिता : आणि त्यांच्या लढाईपायी आपला माणूस पाण्यात अडकलाय. आता फोन लागला की तुम्ही बोलायचं. बायको म्हणून मी सांगून सांगून दमले.

सूर्यकांत : मी काय बोलू?

रुचिता : उतर म्हणायचं. उद्या एजंटची लाँच पाणी न् भाजी घेऊन जहाजावर जाणार आहे, तिच्यातून किनाऱ्याला ये म्हणायचं. गुजरातच्याच समुद्रात तर उभे आहेत. उद्या उतरला तर परवा घरी.

सूर्यकांत : पण बदली माणूस यायला हवा ना. रिलीव्हर आल्याशिवाय...

रुचिता : हेच! तोही हेच म्हणतो, तुमच्याच तोंडचं. अहो, करार सहा महिन्यांचा होता, अकरावा चालू आहे. कोण येणार त्या जहाजावर? रशियाचं तेल वाहतं म्हणून निर्बंधांच्या यादीत नाव आहे त्याचं. बारा दिवस बंदराबाहेर नांगर टाकून... थांबा, लागला. शैलेश? स्पीकरवर आहे, पप्पापण आहेत.

शैलेश : हां, येतंय ऐकू. तू शाळेत नाही गेलीस वेवजीला?

रुचिता : रविवार आहे रे! वारसुद्धा विसरलास?

शैलेश : इथे सगळे वार सारखेच. पप्पा, कसे आहात?

सूर्यकांत : मी बरा आहे. तुझं सांग. तेल उतरवलं का?

शैलेश : झालं एकदाचं. बंदराने आत घेतलंच नाही. काल दुसरं जहाज बाजूला लावून त्याच्यात दिलं. आता ऑर्डर आलीय, परत काळ्या समुद्रात जायचं, भरायला.

रुचिता : परत? अरे, तिथेच तर ड्रोन पडतायत टँकरवर!

शैलेश : आम्हाला नको सांगूस, रुचिता. मागच्या फेरीला बाजूच्या जहाजावर पडला तेव्हा आमच्या मेसच्या काचा... जाऊ दे.

सूर्यकांत : जाऊ दे काय? झेंडा कुठल्या देशाचा आहे आता?

शैलेश : वर्षातला तिसरा. ज्यांचा लावलाय ते म्हणतात, हे जहाज आमचं नाहीच. विम्याचा कागदही तसलाच.

सूर्यकांत : म्हणजे काही झालं तर विचारणारं कोणी नाही.

शैलेश : नाही. पण बावीस माणसं आहेत इथे, पप्पा. आणि इलेक्ट्रिशियन मी एकटा. जनरेटर जुना, रोज नवीन नाटक करतो. मी उतरलो आणि तो भर समुद्रात बंद पडला तर? तुम्हीच सांगा.

रुचिता : त्यांना काय विचारतोस? मला विचार ना!

शैलेश : नाही, त्यांनाच विचारणार. आई गेली त्या दिवशी हे स्टेशनातल्या खुर्चीवरून उठले नाहीत. कारण रिलीव्हर आला नव्हता. मी नववीत होतो. सरांनी मला वर्गासमोर उभं केलं, म्हणाले, ड्युटी काय असते ते याच्या वडिलांकडून शिका. आणि मी भाजीच्या लाँचमधून पळून येऊ?

(सूर्यकांत पेपरची घडी घालत राहतात.)

रुचिता : पप्पा, बोला ना काहीतरी.

सूर्यकांत : शैलेश, तू आहेस तोवर ते दुसरा माणूस शोधणारच नाहीत. स्टेशनात मास्तर नसला तर गाडीला लाइन क्लिअर मिळत नाही. गाडी उभी राहते. आतली माणसं वैतागतात, पण जिवंत राहतात. इलेक्ट्रिशियन नसताना तुमचा कॅप्टन निघेल का?

शैलेश : नाही निघणार. तो निमित्तच शोधतोय. परवा मला म्हणाला, तू उतरलास तर मी कंपनीला ठणकावून सांगेन, जहाज हलणार नाही म्हणून.

रुचिता : आणि हे तू आज सांगतोयस? कमाल आहे हं तुझी!

शैलेश : तो म्हणाला म्हणून काय झालं? सोडून जाणं ते सोडून जाणंच.

सूर्यकांत : ऐक जरा. त्या दिवशी चार वाजता दवाखान्यातून फोन आला होता स्टेशनवर. म्हणाले, अहिल्याबाई शुद्धीवर आहेत, तुम्हाला बोलावतायत.

शैलेश : माहितीय. आणि रिलीव्हर रात्री नऊला पोचला.

सूर्यकांत : तुला अर्धंच माहितीय. कंट्रोलला एक फोन केला असता तर त्यांनी शेजारच्या स्टेशनातून माणूस पाठवला असता. तासाभराचं काम. मी तो फोन केलाच नाही.

शैलेश : का?

सूर्यकांत : घाबरलो. तिला तसं बघायची हिंमत नव्हती माझ्यात. खुर्चीत बसून राहणं सोपं होतं. नंतर सगळे ड्युटी ड्युटी करायला लागले, मीपण ऐकून घेतलं. तुझ्या सरांचंही ऐकून घेतलं.

रुचिता : पप्पा, पाणी देऊ?

सूर्यकांत : नको.

शैलेश : आई काही बोलली होती का?

सूर्यकांत : मला नर्सने सांगितलं नंतर. दवाखाना रुळांच्या जवळच ना. प्रत्येक गाडीचा भोंगा वाजला की विचारायची, ही गेली ना, मग आता येतील ते.

रुचिता : अरे देवा.

सूर्यकांत : पाच तासांत सव्वीस गाड्या सोडल्या मी. एकही लेट केली नाही. आज त्यातली एकही आठवत नाही बघ.

रुचिता : शैलेश? आहेस ना?

शैलेश : आहे. पप्पा, तुम्ही हे कधीच बोलला नाहीत.

सूर्यकांत : कुठल्या तोंडाने बोलणार होतो? तू माझंच बघून तिथे बसलायस हे आज कळलं मला. उतर बाबा. थर्ड इंजिनिअरला जनरेटरचं सगळं लिहून दे, नीट, चित्रं काढून. आणि उतर.

शैलेश : कॅप्टनकडे पासपोर्ट मागतो आत्ताच.

रुचिता : आत्ता म्हणजे आत्ता हं. फोन ठेवल्या ठेवल्या.

शैलेश : हो ग बाई. परवा गाडी कुठली मिळेल ते मात्र सांगता येत नाही. लेटही होईल.

सूर्यकांत : होऊ दे. मी सकाळपासूनच येऊन बसतो स्टेशनवर.