रंगाऱ्याची खुर्ची

रंगारी: म्हणजे फुफ्फुसं गेली होतीच, आता हाडंही गेली. पुढच्या महिन्यात काय, दात?

फिजिओ: दात तुमचे कधीच गेलेत, काका. आणि हाडं गेली नाहीत, विरळ झालीत.

रंगारी: खोकलो आणि बरगडी तडकली, पोरी. मारामारीत तडकली असती तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

बायको: कुठले चारचौघे? दवाखाना सोडून कुठे जाता तुम्ही?

फिजिओ: तेच तर. सिगारेट, स्टेरॉइडच्या गोळ्या आणि खुर्ची, तिघांनी मिळून हाडं पोखरलीत.

रंगारी: सिगारेट सुटली.

बायको: सुटली म्हणे. मी सोडवली.

फिजिओ: गोळ्या डॉक्टर बघतील, आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. राहिली खुर्ची, ती माझ्या वाट्याची. हात छातीशी धरा आणि उठा. उठताना ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा.

रंगारी: या वयात चंबू? बायको शेजारी बसलीय माझी.

बायको: बायकोला सवय नाही राहिली, करा तुम्ही. थांबा, धरते.

फिजिओ: काकू, सोडा त्यांना.

बायको: आणि पडले म्हणजे? हाडं खडूसारखी झालीत त्यांची.

फिजिओ: मी आहे ना इथे. घरी यांना पाणी कोण देतं?

बायको: मीच.

फिजिओ: टॉवेल? चपला?

रंगारी: नाक तेवढं माझं मी शिंकरतो.

फिजिओ: काकू, शरीर फार कंजूष असतं. हाडावर भार आला तर ते हाड सांभाळतं. नुसतं बसून राहिलात तर म्हणतं, हे कशाला पोसू?

बायको: अहो, पण चार पावलं टाकली की धाप लागते यांना. मला नाही बघवत ते.

फिजिओ: धाप लागेल. थांबायचं, श्वास जागेवर आला की पुन्हा सुरू. त्याला घाबरून बसलं की पाय जातात, मग हाडं. बरं काका, ही एवढी कसरत करून तुम्हाला करायचंय काय?

रंगारी: वर जायचंय.

बायको: आली का घाई?

रंगारी: माडीवर गं. अख्खा जन्म परांचीवर उभं राहून लोकांच्या भिंती रंगवल्या, आणि आता स्वतःच्या घराचा जिना चढवेना.

बायको: पण चढायचं कशाला? खाट खाली आणली, टीव्ही खाली, संडास खाली. वर काय पुरून ठेवलंय?

रंगारी: वारा छान येतो.

बायको: पंखा लावते की.

रंगारी: खिडकीचा रंग गेलाय.

बायको: तो गेली दहा वर्षं गेलाय.

फिजिओ: काका, खरं काय ते सांगा.

रंगारी: ही वर झोपते. एकटी.

(बायको पर्स उघडते, आत बघते, बंद करते.)

बायको: आधी मी खालीच झोपायचे, यांच्या खाटेशेजारी. घरघर ऐकत रात्रभर जागी. म्हणून वर गेले. आता घरघर ऐकू येत नाही, म्हणून जागी.

रंगारी: कधी बोलली नाहीस.

बायको: तुम्ही कुठे बोललात? म्हणे वारा येतो.

रंगारी: पोरी, जिना जमेल का गं मला?

फिजिओ: शब्द नाही देत. आधी खुर्ची, मग वजनं, मग एकेक पायरी. वेळ लागेल. पण बसून राहिलात तर नक्कीच नाही जमायचा.

रंगारी: बरं. चंबू करतो, हसायचं नाही कोणी. अगं, हात दे जरा.

बायको: नाही देणार. उठा तुम्ही.