बांधावरचा म्हसोबा आणि माझा लॅपटॉप

...आणि वर मलाच विचारतात, "तू दिवसभर करतोस काय?" काय करतो म्हणजे? दगड बघतो! तुम्हाला सांगतो, सहा आठवडे मी लॅपटॉपवर एक दगड बघत बसलो. सकाळी दगड, दुपारी दगड, लाइट गेली की अंधारलेला पडदा, लाइट आली की परत दगड! आणि जरा पाठ टेकली की ओट्यावरून आबांची हाळी, "रोहित्या, झाकण पाडायचं न्हाई!"

आबा म्हणजे हैबतराव, माझे वडील. आणि लॅपटॉप माझा. पुण्यात डिप्लोमाला होतो तेव्हा घेतलेला. दुसऱ्या वर्षाला डिप्लोमा सोडला. का सोडला ते विचारू नका, सगळ्यांनी विचारून झालंय, आणि ऐकलं एकानंही नाही. असो. डिप्लोमा गेला, लॅपटॉप राहिला.

आमचं गाव रिहे. खाली भाताची खाचरं, कडेनं पुणेकरांची फार्महाउसं, तिथं मालक महिन्यातून दोनदा येतो आणि कुत्रं कायम राहतं. पूर्वी म्हैस बांध ओलांडून गेली तरी कुणी हटकायचं नाही. हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, जमिनीला भाव आला आणि आमच्याकडं बेडकानं उडी मारली तरी तो कुणाच्या हद्दीतून कुणाच्या हद्दीत गेला, हे बघायला दोन म्हातारे उभे!

त्यातला एक म्हातारा आबा, दुसरा कुशाबा, म्हणजे आबांचे धाकटे सख्खे भाऊ, आमचे तात्या. दोघांच्या खाचरांमध्ये एक बांध, बांधावर एक दगड. वाटणीच्या वेळी आजोबांनी रोवला. पोरांची नियत ओळखून की काय, त्याला शेंदूर फासून म्हसोबा करून टाकला. हिशोब साधा, दगड कुणीही हलवील, देव कोण हलवील?

आजोबा भोळे हो!

पाच वर्षांपूर्वी देव चालायला लागला. आबा म्हणायचे, "माझ्यात सरकलाय," तात्या म्हणायचे, "माझ्यात सरकलाय." दगड एक! तो एकाच वेळी दोघांच्यात कसा घुसेल, एवढं विचारलं तर आबा म्हणतात, "कालेज सोडलेल्यानं हिशोब शिकवू नये."

यात माझं काय अडलंय, म्हणाल. ताट अडलंय! माझी आई मी पाचवीत असताना गेली. तेव्हापासून मी जेवायला तात्यांकडं. रंभाबाई काकीनं माझ्यासाठी पितळी ताट वेगळं ठेवलेलं, एका बाजूनं काठ चेपलेलं. मीच लहानपणी रागानं आपटलेलं. काकी कधी बोलली नाही, फक्त चेपलेली बाजू माझ्याकडं करून वाढायची. आता तात्यांच्या घराची वाट जाते आमच्या खाचराच्या कडेनं. आबांनी जाहीर केलं, "कुशाबाची चोरी पकडतो, भावकीला दावतो, आन् वाट बंद करतो!" वाट बंद म्हणजे ताटही बंद, हो की नाही?

म्हणून कॅमेरा. शेजारच्या चांदे गावाहून कॅमेरे बसवणारा मनीष आला, गोठ्याच्या खांबावर कॅमेरा ठोकला, वायर घरात आणली आणि म्हणाला, "काका, रेकॉर्डिंगला वेगळा डबा घ्यावा लागेल." आबा म्हणाले, "डबा कशाला? घरात लॅपटॉप पडलाय की. आन् पोरगंबी पडलंय."

झालं! माझी नेमणूक!

पहिल्याच दिवशी सवयीनं मी झाकण पाडलं. लॅपटॉप झोपला, दिवसभराचं रेकॉर्डिंग गेलं. आबा असे पिसाळले की विचारू नका. तेव्हापासून जेवताना "झाकण पाडायचं न्हाई," आंघोळीला गेलो तर दारावर धाडधाड, "झाकण पाडलं न्हाईस ना?" शेवटी वैतागलो, सेटिंगमध्ये गेलो आणि अशी सोय केली की झाकण पाडलं तरी लॅपटॉप जागाच राहील. आबांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा! आबा टीव्हीत डोकं घालून, "व्हय व्हय." आमच्याकडच्या मोठ्या माणसांचं हे असंच, बोलायला गावभर आणि ऐकायला कुणी घरात नाही!

एका बुधवारी दुपारी कासारसाईला गेलो होतो. परत येतो तर झाकण पाडलेलं! कुणी पाडलं? आबा म्हणतात, "मी. धूळ बसती."

धूळ? सहा आठवडे बसली नाही ती आजच बसली? रेकॉर्डिंग मागं नेलं. दोन वाजून दहा मिनिटं. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. पडद्यावर आबा येतात. चपला बांधाखाली काढतात, देव आहे ना! नारळ फोडतात, हात जोडतात, गालावर मारून घेतात... आणि धोतराच्या आडून पहार काढतात! दोन रेटे, म्हसोबा वीतभर तात्यांच्या खाचरात. मग मागं सरून, गवंड्यासारखा एक डोळा मिटून ओळंबा बघतात. पसंत पडत नाही. अजून एक रेटा! शेवटी खोबरं चावत चावत थेट कॅमेऱ्याकडं बघतात. बिनधास्त! कारण झाकण पाडलेलं!

आधी हसलो. मग हसू गेलं. कारण रविवारी भावकी बसायची होती, आणि तिथं आबा हेच रेकॉर्डिंग लावणार होते.

आबांना म्हटलं, "रेकॉर्डिंग दाखवू नका."

"का? तात्यानं फितवलं व्हय? ताटाला जागतोय!"

"आबा, त्यात तुम्ही दिसताय."

"मी कसा दिसंन? मी झाकण पाडलं हुतं!"

म्हटलं, "झाकण पाडलं तरी दिसतं." तर म्हणतात, "डोळा मिटल्यावर कुणाला दिसतं व्हय रं? मला शिकवतो!"

एक बटण दाबून मी ते पुसू शकलो असतो. बोट ठेवलंही होतं. पण काकीची वाट डोळ्यांसमोर आली, आणि खरं सांगतो, एकदा तरी या माणसानं स्वतःला बघावं असंही वाटलं. नाही पुसलं.

रविवारी अंगणात अकरा माणसं. खुर्चीवर लॅपटॉप. मध्यभागी शरदचंद्र गुरुजी, भावकीतले वडीलधारे, निवृत्त मास्तर. दारात काकी पदर दाताखाली धरून उभी. मी बुधवारची दुपार लावली.

नारळ फुटला. पहार निघाली. गुरुजींनी चष्मा पुसून परत घातला. "हैबतराव, हे तर तुमीच."

"माझ्यावानी दिसतोय," आबा म्हणाले. "पर टोपी माझी न्हाई." टोपी तीच, डोक्यावर!

मी तात्यांकडं बघितलं. म्हटलं, आता उठतील, गरजतील, सुटले बिचारे! तात्या उठले. घामानं डबडबलेले. म्हणतात कसे, "आमचा दादा असलं करायचा न्हाई! पोरानं काम्पुटरवर कायतरी जोडलंय. पुण्याला हेच तर शिकत हुतं!"

मी गार! अहो, तुमच्याच बाजूचा पुरावा! या गडबडीत माझं बोट पुढं पळवायच्या बटणावर पडलं आणि पडद्यावर बुधवार संपून गुरुवार लागला. बुधवार बघितल्यापासून मी पडद्याकडं फिरकलो नव्हतो, त्यामुळं तो मी बघितलाच नव्हता. खांद्यावर पहार घेऊन कुणीतरी बांधाकडं येताना दिसलं मात्र, दोघं भाऊ एका सुरात ओरडले, "झाकण पाड!"

सहा आठवड्यांत पहिल्यांदा! आणि पाच वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत! गुरुजींनी स्वतःच्या हातानं झाकण पाडलं, निकाल दिला, "पोरगं हाताबाहेर गेलंय," आणि भावकी चहा पिऊन उठली.

गुरुवार मी नंतर एकट्यानं बघितला. तात्याच. तोच नारळ, तेच गालावर मारणं, तीच पहार, फक्त रेटा उलट्या बाजूला. आणि शेजारी काकी. हळदीकुंकवाचं ताट धरून, रस्त्यावर नजर ठेवून. पितळी ताट. एका बाजूनं काठ चेपलेलं.

वाट चालू आहे. दोघं भाऊ एकमेकांकडं चहाला जातात, म्हसोबा मध्येच कुठंतरी आहे. काकी हाक मारते, "ये की रं जेवायला." मी म्हणतो, भूक नाही.

आणि कॅमेरा? तो खांबावरून काढून माझ्या खोलीत लावलाय, पोरगं दिवसभर काय उद्योग करतंय ते बघायला. रेकॉर्डिंग कुणी सांभाळायचं? दुसरं कोण आहे? मीच! बाहेरून हाळी येते, "झाकण पाडायचं न्हाई!" आणि मी बसून राहतो, लॅपटॉपवर मीच मला बघत. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा दगड बरा होता. तो निदान सरकायचा तरी.