पिवळ्या पिशवीतल्या दोन हार्ड डिस्क

नाव: पूंगोडी सेल्वकुमार, वय ४३ वर्षे, धंदा: बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिवण शिक्षिका, राहणार: सिंगानल्लूर, बसथांब्यामागील तिसरी गल्ली, कोइम्बतूर. जन्मापासून बहिरी.
दुभाषी: स्टेला मेरी, वय ५४ वर्षे, राहणार उडुमलपेट.
दिनांक १० फेब्रुवारी २०२४, सकाळी ११.१५.

मी आज कोणी बोलावल्याशिवाय या ठाण्यात आले आहे. मी हातांनी सांगत आहे, स्टेला मेरी या उडुमलपेटहून, टेबलावर उभ्या केलेल्या फोनच्या व्हिडिओतून, ते पाहून तोंडाने सांगत आहेत, आणि हवालदार लिहून घेत आहेत. माझे सांगणे असे की,

आमचे बहिऱ्यांचे मंडळ सन २०१९ पासून एक सेवा चालवते. बहिऱ्या माणसाने मोबाइलवर व्हिडिओ लावला की समोर आमच्या चार दुभाष्यांपैकी एक जण दिसते. तो हातांनी सांगतो आणि ती त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून दवाखान्याला, बँकेला, गॅसवाल्याला तोंडाने सांगते. पलीकडून आलेले उत्तर ती हातांनी परत देते. आज ६१२ सभासद आहेत. मी मंडळाची सचिव आहे.

ही सेवा का सुरू केली असे उपनिरीक्षक तिलकवती मॅडमनी विचारले. सन २०१६ मध्ये दिनांक ३ जून रोजी दुपारी माझे पती सेल्वकुमार यांच्या छातीत दुखू लागले. तेही बहिरे होते. घरात मोबाइल होता. मी शेजारचे दार वाजवले. शेजारी लग्नाला गेले होते. मी त्याच्या पुढचे दार वाजवले. यापुढचे सांगण्याची या कामी गरज नाही.

सुरुवातीला आम्ही इंटरनेटवर स्वस्तातली जागा घेतली होती. एकाच सर्व्हरवर, म्हणजे एकाच यंत्रावर, आमच्यासोबत दुसरी बरीच गिऱ्हाइके होती. त्यांच्याकडे गर्दी झाली की आमचा व्हिडिओ अडकायचा. ऐकणाऱ्या माणसाचे चित्र अडकले तरी आवाज येतो. आमचे हात अडकले की बोलणेच अडकते. एकदा डॉक्टरांनी दिवसातून तीनदा दोन गोळ्या सांगितल्या आणि चित्र तीन बोटांवर थांबले. सुदैवाने औषध घेणाऱ्या आमच्या सभासद बाईंनी पुन्हा विचारले.

म्हणून सन २०२१ मध्ये आम्ही सरवणमपट्टी येथील कुरिंजी सर्व्हर्स या कंपनीकडून एक पूर्ण सर्व्हर भाड्याने घेतला. तो फक्त आमच्यासाठी चालणार होता. जाहिरातीत "चोवीस तास सोबत" असे लिहिले होते. पहिल्या आठवड्यात काही अडले, म्हणून मी लिहिले, "मी बहिरी आहे, मला फोन करता येत नाही, कृपया लिहून उत्तर द्या." उत्तर आले की आमच्या मदत क्रमांकावर फोन करा. मी परत लिहिले. तेच उत्तर आले. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी वेगळे उत्तर आले. "अक्का, माफ करा, इथे कोणी वाचतच नव्हतं. मी मुगिलन. यापुढे थेट मला लिहा. एक मिनिट, बघतो."

हाच तो मुगिलन, वय सुमारे २९, ज्यास काल दुपारपासून या ठाण्यात बाकावर बसवून ठेवले आहे. आम्ही त्यास तीन वर्षे फक्त लिहूनच ओळखत होतो. तो दर वेळी "एक मिनिट" लिहायचा आणि मग चाळीस मिनिटे लागायची. तो मला अक्का, म्हणजे ताई, लिहायचा आणि मी त्यास तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. मी एकदा लिहिले, "तंबी, तुझं मिनिट कुठल्या घड्याळातलं?" त्याने लिहिले, "सरकारी ऑफिसातलं, अक्का." पण त्या चाळीस मिनिटांत काम व्हायचे. आमच्यात प्रत्येक माणसाला हातांचे एक नाव असते. त्याचे नाव आम्ही एक बोट वर करणे असे ठेवले. आज दारातल्या शिपायाने कोणाला भेटायचे असे खुणेने विचारले तेव्हा मी एक बोट वर केले. त्यांना वाटले मी थांबा म्हणते आहे. ते बराच वेळ थांबले.

सन २०२२ मध्ये सर्व्हरमधील हार्ड डिस्क जुन्या झाल्या. मंडळाने वर्गणी काढून दोन नव्या डिस्क विकत घेतल्या आणि कंपनीने त्या बसवून दिल्या. त्यांची पावती मंडळाच्या नावे आहे, त्यावर दोन्ही डिस्कचे क्रमांक आहेत, ती मी हजर करीत आहे. सेवेचा सगळा प्रोग्राम आणि सर्व सभासदांची माहिती त्याच डिस्कवर आहे: पत्ता, रक्तगट, कोणाला कोणते औषध चालत नाही, कोणाला लिहिता येत नाही. दुसरी प्रतही आम्ही त्याच कंपनीकडे ठेवली होती. ती त्याच खोलीत होती हे मला नंतर कळले. मी विचारायला हवे होते. ती माझी चूक आहे.

दिनांक ७ फेब्रुवारी, बुधवार, सकाळी १०.२० वाजता सेवा बंद पडली. मी कंपनीला लिहिले, उत्तर आले नाही. १०.५० ला मुगिलनचा त्याच्या स्वतःच्या नंबरवरून मेसेज आला. "अक्का, इमारतीच्या मालकांनी आमची वीज तोडली. जनरेटरचं डिझेलही संपलं. आमचे साहेब फोन उचलत नाहीत, घराला कुलूप आहे. पाच वाजता मजल्याला कुलूप लागणार." इमारतीचे मालक श्री. पोन्नुसामी आणि कंपनी यांच्यात काय वाद होता ते मला माहीत नाही.

त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर अमुदा होती. अमुदा, वय २४, राहणार आनैमलै, पोल्लाचीच्या पुढे. ती बहिरी आहे, तिचा नवरा बहिरा आहे, तो काथ्याच्या कारखान्यात जातो. तिला नववा महिना भरला होता. डॉक्टरांनी ९ तारीख दिली होती. महिनाभरापूर्वी तिने मला विचारले होते, "अक्का, मी नक्की करू ना व्हिडिओ? कोणीतरी असेल ना?" मी तिला हो सांगितले होते.

आमच्या डिस्क घ्यायला येते असे मुगिलनला लिहून मी शाळेतून सुट्टी घेतली, पावती पिशवीत टाकून बसने निघाले आणि १.१५ ला सरवणमपट्टीला पोहोचले. मुगिलन फाटकाशी उभा होता. चष्मा, शर्टाची एक बाही वर, हातात कापडी पिवळी पिशवी. मला पाहून तो सावकाश आणि खूप मोठ्याने बोलू लागला. त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या. मी मोबाइलवर लिहून दाखवले, "तंबी, गल्ली गोळा होईल. मला तरीही ऐकू येणार नाही." तो लाजला. मग त्याने एक बोट वर केले. ते त्याचे नाव आहे हे त्यास माहीत नव्हते.

पहारेकरी मरुदमुत्तू यांनी सांगितले की कर्मचारी वर जाऊ शकतो, बाई नाही. मुगिलन एकटा चौथ्या मजल्यावर गेला. लिफ्ट बंद होती. वीस मिनिटांनी तो घामाघूम होऊन, दोन डिस्क शर्टात गुंडाळून, बनियनवर खाली आला. जिन्याच्या तळाशी बसून आम्ही पावतीवरचे क्रमांक आणि डिस्कवरचे क्रमांक एकेक अक्षर ताडून पाहिले. मी त्यास लिहून विचारले, "पूर्ण सर्व्हरच घेऊन जाऊ या ना? रिक्षा करते." त्याने लिहिले, "नाही अक्का. सर्व्हर कंपनीचा आहे. डिस्क तुमच्या आहेत. मी तुमचं तुम्हाला देतोय, एवढंच." त्याने दोन कागदांवर तसे लिहिले, आम्ही दोघांनी सह्या केल्या. एक कागद पहारेकऱ्यांना दिला. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. माझ्याकडच्या कागदाचा मी १.५२ ला फोटो काढला आहे.

मुगिलनने सर्व्हर भाड्याने देणाऱ्या दुसऱ्या तीन कंपन्यांना फोन केले. दोघांनी सोमवारी या सांगितले. पीळमेडू येथील तिसऱ्यांनी आत्ता या सांगितले. बसमध्ये पिवळी पिशवी माझ्या मांडीवर होती. प्रत्येक खड्ड्याला मी ती वर उचलून धरत होते. शेजारच्या बाईंनी आत काय, अंडी का, असे विचारले असे मुगिलनने मला लिहून सांगितले. त्याने त्यांना हो सांगितले होते.

त्या दिवशी नव्या सर्व्हरने डिस्क ओळखल्या नाहीत. मुगिलन घरी गेला की नाही मला माहीत नाही. दिनांक ८ रोजी सकाळी ११.०५ ला त्याचा मेसेज आला. "अक्का, कुणाला तरी व्हिडिओ लावा." मी स्टेला मेरींना लावला. त्या दिसल्या. मी काही सांगण्याआधी त्यांनी विचारले, "पूंगोडी, आधी जेवलीस का?" माझे उत्तर त्यांना कळले नाही. त्या म्हणाल्या, "हात स्थिर ठेव बाई, नाहीतर मला वाटेल पुन्हा चित्र बिघडलं."

११.३२ ला अमुदाचा व्हिडिओ आला. तो स्टेला मेरींनीच घेतला. तारखेच्या एक दिवस आधीच कळा सुरू झाल्या होत्या. नवरा कारखान्यात होता. स्टेला मेरींनी १०८ ला फोन लावला, पत्ता सांगितला, आणि गाडी येईपर्यंत अडतीस मिनिटे अमुदासमोरून हलल्या नाहीत. अमुदाला एका हाताने पोट धरायचे होते, म्हणून ती एकाच हाताने बोलत होती. चित्र एकदाही अडकले नाही. दुपारी २.२५ ला पोल्लाचीच्या सरकारी दवाखान्यात तिला मुलगी झाली. वजन दोन किलो नऊशे. (दुभाषी स्टेला मेरी यांनी येथे पाणी पिण्यासाठी वेळ मागितला म्हणून जबाब पाच मिनिटे थांबवण्यात आला.)

दिनांक ९ रोजी श्री. पोन्नुसामी यांनी, कंपनीच्या माणसाने त्यांच्या ताब्यातील इमारतीतून माल चोरून नेला, अशी तक्रार दिली. दुपारी मुगिलनचा मला मेसेज आला. "अक्का, स्टेशनात आहे. एक मिनिट नाही, या वेळी जरा जास्त लागेल. आईला कळवू नका." मी हे आमच्या मंडळात कळवले. आज सकाळी माझ्यासोबत तिरुप्पूर, पोल्लाची, मेट्टुपाळयम येथून सत्तेचाळीस जण आले आहेत. ते बाहेर उभे आहेत. शिपायांनी आत येऊन मॅडमना सांगितले, "मॅडम, मोर्चा आलाय, पण घोषणा नाहीत." घोषणा आहेत. त्या खिडकीतून दिसतात.

श्री. पोन्नुसामी हेही आता ठाण्यात आहेत. माझे सांगणे चालू असताना ते म्हणाले, "हिला बोलता येत नाही, ऐकू येत नाही, मग हिने कंपनीशी व्यवहार केला कसा? सगळं त्या पोराने शिकवलंय." स्टेला मेरींनी ते जसेच्या तसे मला सांगितले. मी उत्तर दिले, "लिहून केला, साहेब. बोलून केला असता तर आज दाखवायला कागद नसता." मॅडमनी मंडळाची पावती आणि पीळमेडूहून आलेला डिस्कचा फोटो शेजारी ठेवून दोन्ही क्रमांक स्वतः ताडले. ते जुळले. त्यानंतर पहारेकरी मरुदमुत्तू यांना बोलावले. त्यांनी त्या दिवशी आम्ही दिलेला कागद खिशातल्या पाकिटातून काढून दिला. मालकांना का दाखवला नाही असे विचारता ते म्हणाले, "त्यांनी विचारलंच नाही. त्यांनी फक्त कोण वर गेलं होतं एवढं विचारलं."

मॅडमनी श्री. पोन्नुसामी यांना विचारले, "तुमची वस्तू नक्की कोणती गेली?" ते म्हणाले, "माझ्या इमारतीतून काही जाताना मला सांगायला हवं होतं." हे त्यांचे म्हणणे मला पटते. मी त्यांची त्याबद्दल माफी मागितली. मुगिलननेही मागितली.

कंपनीबद्दल माझी तक्रार आहे, ती मी वेगळी लेखी देणार आहे. चोवीस तास सोबत देऊ असे लिहून कंपनी न सांगता निघून गेली. मुगिलनबद्दल माझी तक्रार नाही. त्याने माझ्या मालकीच्या दोन वस्तू मला दिल्या.

आणखी एक सांगायचे आहे. त्या चौथ्या मजल्यावर आमच्यासारखी अजून एकोणीस गिऱ्हाइके आहेत. एक रक्त तपासणारी लॅब आहे, एक शाळा आहे, सुताचे व्यापारी आहेत. त्यांचे सगळे तिथे अंधारात पडून आहे आणि त्यातल्या काहींना हे अजून माहीतही नसेल. त्यांची यादी मुगिलनकडे आहे. मॅडमनी याबाबत विचारले असता श्री. पोन्नुसामी यांनी सोमवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वीज जोडून देण्याचे आणि पोलिसांसमोर ज्याचे त्याने नेण्यास हरकत नसल्याचे मान्य केले. मुगिलन म्हणाला की तो सगळ्यांना आज कळवेल. मॅडमनी त्यास बाकावरून उठवून माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि त्याचा मोबाइल परत दिला. त्याने पहिला फोन आईला केला.

मॅडमनी शेवटी मला विचारले की बहिऱ्या माणसाला या ठाण्यात काही कळवायचे झाल्यास ते तुमच्या सेवेतून येईल काय. मी हो सांगितले. त्यांनी ठाण्याचा थेट क्रमांक मला लिहून दिला. तो आज दुपारपासून सर्व सभासदांना दिसेल.

वरील मजकूर स्टेला मेरी यांनी मला सुरुवातीपासून हातांनी सांगितला, आणि मी स्वतःही कागद हातात घेऊन वाचला. एके ठिकाणी आनैमलैऐवजी अन्नामलै लिहिले होते, ते दुरुस्त केले. सर्वांत वर माझ्या नावापुढे हवालदारांनी "मूकबधिर" असे लिहिले होते. त्यातला "मूक" खोडा असे मी सांगितले. मॅडमनी कारण विचारले. मी म्हणाले, मी सव्वाअकरापासून बोलतेच आहे. त्यांनी तो कागद बाजूला ठेवून पहिले पान नव्याने लिहून घेतले. आता सर्व माझ्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही: पूंगोडी सेल्वकुमार
वेळ: दुपारी १.०५