गाडी थांबावी म्हणून

...नाही नाही, तुम्ही बसा, मीच जरा लांब उभा राहतो, वास येतोय ना, ठाऊक आहे मला, ब्रेकच्या तेलाचा वास आहे तो! माझ्या बायकोचा, आर्डिसचा, भांड्यांचा साबण लावून झाला, गॅरेजातला वाळूसारखा खरखरीत साबण लावून झाला, नखं घासघासून निम्मी झाली... जात नाही! शी! अहो, माशाचा वास घेऊन माणूस घरी आला तर निदान हातात मासा तरी असतो. आणि हे सगळं कशासाठी, सांगा बघू? वेगासाठी? छे! शर्यतीसाठी? या गुडघ्यांनी? अहो, गाडी थांबावी म्हणून!

गाडी चौसष्ट सालची. फिकट निळी, दोन दारांची, पुढे सलग सोफ्यासारखी सीट. नाव नाही सांगत. नाव सांगितलं की इथे मिनेसोटात दर तिसरा माणूस जवळ सरकतो आणि डोळे मिटून म्हणतो, "आमच्या आजोबांकडे अगदी हीच होती!" नव्हती! तुमच्या आजोबांकडे ट्रॅक्टर होता!

तर या गाडीला चारी चाकांत ड्रम ब्रेक. म्हणजे चाकाच्या आत एक लोखंडी पातेलं, आणि त्या पातेल्यात दोन वाकड्या पट्ट्या. तुम्ही पाय दाबलात की त्या आतून पातेल्याला घासणार आणि गाडी थांबणार. घासणार, म्हणजे त्यांच्या मनात आलं तर! कोरड्या रस्त्यावर त्या विचार करतात. आणि पाणी आत गेलं की विचारही करत नाहीत, गाडी सरळ डावीकडे निघते...

गेल्या वसंतात तेच झालं. चर्चमध्ये जेवण होतं, आर्डिस माझ्या शेजारी, मांडीवर हॉटडिशचं भांडं, खाली खिमा, वर बटाट्याचे गोळे, गरमागरम, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. पाऊस. फाट्यावर थांबायची पाटी. मी पाय दाबला. मग दुसराही पाय दाबला! पाटी गेली, फाटा गेला, आणि आम्ही थांबलो ते बीटच्या शेतात. आम्ही थांबलो, हॉटडिश थांबला नाही, तो गेला काचेवर. आर्डिस ओरडली का? नाही! आमच्याकडच्या बायका ओरडत नाहीत, तीच तर भीती! तिने चष्म्यावरचा खिमा पुसला आणि अगदी शांतपणे म्हणाली, "व्हर्लिन, ही गाडी थांबायला शिकली की मला सांग."

संपलं! तेव्हापासून दर रविवारी तळ्यावर जाताना मी या गाडीत एकटा, आणि मागून ती तिच्या गाडीत एकटी. बघणाऱ्याला वाटावं कुणाची अंत्ययात्रा चाललीय! लग्नाआधीपासून ही बाई त्या सीटवर मला खेटून बसायची हो... आता तिच्या जागेवर माझी टोपी बसते. मला नाही आवडत एकट्याने गाडी चालवायला. अजिबात नाही आवडत. टोपीशी काय बोलणार?

म्हणून म्हटलं, पुढच्या दोन चाकांना डिस्क ब्रेक लावू, पातेल्याऐवजी उघडी तबकडी आणि तिला दोन्हीकडून चिमटा. सुटे भाग विकणाऱ्यांना फोन केला. पलीकडे एक गोडगोड पोरगा, "सोप्पंय सर! पेटीत सगळं येतं सर! जुनं काढायचं, नवं लावायचं, एका दुपारचं काम सर!" कुठल्या दुपारचं रे? नॉर्वेतल्या का, उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही त्या? इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने एकूण एक नट असा धरलेला, की त्याला पाना लावला तर नट जागच्या जागी आणि मी फिरतोय! ड्रम निघेना. हातोडा मारला. नाही. तापवून हातोडा मारला. नाही. शेवटी कंटाळून हातोडा खाली ठेवला तर तो आपोआप पडला, माझ्या पायावर! आतून काय निघालं? साठ वर्षांची काळी भुकटी, जुनं तेल आणि उंदराचं घरटं. उंदराचं! म्हणजे आजवर माझा आणि आर्डिसचा जीव त्या उंदरावर अवलंबून होता.

आणि या सगळ्याला प्रेक्षक एक, लोवेल. आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष. प्रदर्शनात हा माणूस काठीला आरसा बांधून फिरतो, गाडीखाली आरसा सरकवतो आणि बघतो, नट मूळचा आहे का! स्वतःची गाडी कारखान्यातून निघाली तशीच ठेवलीय, ब्रेकसकट. आला, कॉफीचा कप घेऊन उभा राहिला, आणि असा चेहरा केला, जसा मी गाडीला डिस्क लावत नाहीये, आमच्या चर्चच्या पास्टरला गुंडगिरी शिकवतोय! "व्हर्लिन... डिस्क? चौसष्टच्या गाडीला? असूदे बाबा... तुझी गाडी आहे." आमच्याकडे 'असूदे' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक नसेल, याहून मोठी शिवी नाही!

बरं, डिस्क बसली. आता चाक चढवायला घेतो... चढेना! का? जुनं चाक लहान, नवा ब्रेक जाड, आत मावतच नाही! म्हणजे चाकं नवी. चाकं नवी म्हणजे त्यावरच्या मूळ चकचकीत झाकण्या फुकट. लोवेलने त्या झाकण्यांकडे बघून खरोखर टोपी काढली. आणि हे सगळं कशासाठी? गाडी थांबावी म्हणून!

मग ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात, एक खाली, एक पेडलवर. आर्डिस आली. म्हणाली, "चाकं हवेत आहेत ना? मग बसते." मी खालून, "दाब!" ती, "दाबलं." "धरून ठेव!" "किती वेळ?" "मी सांगेपर्यंत!" "ओव्हनमध्ये माझा पाय आहे, व्हर्लिन, सफरचंदाचा." "धर गं!" "धरलंय रे!" आणि नळी सुटली, सगळं तेल माझ्या तोंडावर. चव सांगू? नको.

आता इथे मी एक शहाणपणा केला. पाय दाबला की ते तेल पुढे ढकलणारा मास्टर सिलिंडर असतो, तो पेटीत नवा आला होता. पण माझा जुना चांगला चालू होता! चालू वस्तू फेकायची? आमच्यात? आम्ही पावाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणारी माणसं! ठेवला जुनाच. निघालो मोठ्या ऐटीत. धान्याच्या कोठारापर्यंत पोचलो तर पुढची दोन्ही चाकं धुरात! जुन्या सिलिंडरमध्ये ड्रमसाठी एक बारीक झडप असते, ती नळीत थोडा दाब कायम धरून ठेवते, डिस्कला तो चालत नाही, ब्रेक लागला तो सुटेचना! गाडी रस्त्याच्या मधोमध, ना पुढे ना मागे. आणि लोवेल नेमका तिथेच! काच खाली करून म्हणतो, "अरे वा, व्हर्लिन! थांबली की!"

असो. नवा सिलिंडर बसवला. मक्याच्या जत्रेचा दिवस आला. सकाळी पाऊस पडून गेलेला. क्लबाच्या सगळ्या गाड्या ओळीने तळ्याकडे निघणार. मी म्हटलं, "आर्डिस, शिकली." तिने गाडीभोवती एक फेरी मारली, दार उघडलं, माझी टोपी उचलून मागे टाकली आणि बसली. खेटून. तुम्हाला सांगतो, मला पुढचा रस्ता दिसेना क्षणभर, हसू नका!

आणि वळणावर बदकांचा आख्खा कुटुंबकबिला रस्त्यात. मी पाय दाबला. एकच पाय हो! आणि गाडी... थांबली. जागच्या जागी, सरळ रेषेत, आर्डिसच्या केसाची बटही हलली नाही. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघून हसली, आणि तेवढ्यात... धाड!

मागे लोवेल. मूळचे ब्रेक, ओला रस्ता. त्याचा मूळचा बंपर माझ्या डिकीत! कुणाला खरचटलंसुद्धा नाही, बदकंही रमतगमत गेली. लोवेल उतरला, "चुकलं हं माझं, व्हर्लिन." मी, "छे छे, मीच जरा जास्त चांगला थांबलो." तो, "याहून वाईटही होऊ शकलं असतं." पंधरा मिनिटं एकमेकांची माफी मागतोय!

आणि आर्डिस? उतरली, डिकी बघितली, आणि त्याच शांत आवाजात म्हणाली, "तुझी गाडी थांबते, व्हर्लिन. छान थांबते. पण मागच्याची थांबली की मला सांग."

म्हणून लोवेलची गाडी सकाळपासून माझ्या गॅरेजात जॅकवर आहे. तो स्वतःच घेऊन आला, आरसा घरी ठेवून. होईल, दोन-तीन दिवसांत होईल. मग लोवेलही माझ्यासारखाच जागच्या जागी थांबेल... आणि ओळीत लोवेलच्या मागे कोण असतं ठाऊक आहे? पास्टर. त्यांचेही ड्रमच!